सफेद्याने लिहिलेल्या तीन ओळी

मी एक जुने, पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे. सैन्याच्या भांडारात, चार नंबरच्या शेडमध्ये, दोन चाकांच्या गाड्यावर मी बसून असते. मित्रांनो, काल तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर मला पाहून गेलात. तुमच्यातल्या एका मुलीने माझ्या डाव्या कुशीवरच्या पांढऱ्या ओळींवर बोट ठेवले आणि विचारले, "हे काय लिहिलंय?" माहिती सांगणारा तरुण शिपाई म्हणाला, "परदेशात मोठं वादळ आलं होतं ना, तेव्हा तिथल्या लोकांनी आपले आभार मानलेत." तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला ऐकवेनात.

त्या ओळी आभाराच्या नाहीत. शिपाई खोटे बोलला नाही, त्याला जे सांगितले गेले तेच त्याने तुम्हाला सांगितले. खरे काय ते मला ठाऊक आहे. यंत्राला परकी भाषा कशी येते, असे विचाराल. आम्हाला सगळ्याच भाषा येतात. आम्ही अडून बसलो की जगातला कुठलाही मेकॅनिक आमचा उद्धार एकाच सुरात करतो. तो सूर एकदा कानात बसला की पुढचे सगळे आपोआप कळू लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डिझेलचे इंजिन, पंप, वाळूची टाकी आणि सहा लांब नळकांडी, असा माझा संसार. नळकांड्यांमध्ये गुंडाळलेले पडदे आहेत. ते इतके बारीक आहेत की समुद्राचे मीठसुद्धा त्यांतून पार होत नाही. एका बाजूने गढूळ, खारे पाणी ओढायचे आणि निळ्या नळीतून गोड पाणी सोडायचे, हे माझे काम. बाकी मला काही येत नाही.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. हे पडदे कोरडे पडले की तडकतात. म्हणून मला काम नसेल तेव्हा नळकांड्यांत औषधाचे पाणी भरून ठेवतात. ते औषध पडद्यांना चांगले आणि माणसाला वाईट. त्यामुळे मला पुन्हा चालू केले की पहिले चार तास निळ्या नळीतून येणारे पाणी टाकून द्यायचे असते. त्याला जळलेल्या काडीसारखा थोडा वास येतो. पण दिसायला ते अगदी स्वच्छ असते, आणि तीच खरी गोम आहे.

माझी सुरुवातीची वर्षे मोठ्या थाटात गेली. दर वर्षी तपासणीच्या दिवशी मला तळ्याच्या काठी नेत. मोठे साहेब येत, हिरव्या तळ्याचे पाणी माझ्यातून काढून पेलाभर पीत, मान डोलावत आणि फोटो काढून घेत. त्यासाठी मला चार तास आधीपासून चालू ठेवलेले असे. ते वाया गेलेले पाणी पाहायला कुणीच आलेले नसे.

माझी देखभाल एक हवालदार करत. त्यांच्या खिशात कायम रबरी वायसर असत, म्हणून सगळे त्यांना वायसरदादा म्हणत. ते मला 'बाई' म्हणायचे. "काय बाई, आज घसा बसला का?" असे म्हणत ते पंपाला कान लावायचे आणि नुसत्या आवाजावरून दुखणे ओळखायचे. त्यांच्या हाताखाली मी कधी बिघडले नाही असे नाही, पण बिघडलेली फार वेळ राहिले नाही.

मग एके दिवशी समुद्रापलीकडच्या एका देशात वादळ आले. ते इतके मोठे होते की समुद्र उठून सरळ गावांत शिरला. हुकूम सुटला आणि दुसऱ्याच दिवशी मी जहाजावर चढले. तीन दिवस समुद्रात आणि एक दिवस फुटलेल्या रस्त्यावर काढून मी एका गावात पोचले. बरोबर पाच शिपाई, वायसरदादा आणि एक तरुण साहेब होते. डॉक्टर आणि दुभाषा मागच्या गाडीत होते. ती गाडी खचलेल्या पुलापाशी अडकून पडली होती.

गावाचे काय सांगू? घरांचे पत्रे रस्त्यात आणि होड्या घरांवर पडल्या होत्या. विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. पाण्याची मुख्य वाहिनी पुलाखाली तीन ठिकाणी फुटली होती. सहा दिवस माणसे छपरांवरून निथळलेले पाणी पीत होती, आणि ते संपल्यावर डबक्यांतले. मला खाडीकाठच्या शाळेच्या अंगणात उभे केले. शाळेच्या वर्गांत बेघर झालेली माणसे राहत होती. मी अंगणात शिरले तशी सगळी खिडक्यांशी आली. कुणी ओरडले नाही, नुसती बघत राहिली.

साहेबांनी विचारले, "दादा, दुभाषा येईपर्यंत थांबायचं का?"

वायसरदादा म्हणाले, "साहेब, पहिले चार तास तसेही जाणारच. आत्ता चालू केलं तर तो येईपर्यंत पाणी तयार असेल. ही माणसं बघा तरी."

साहेबांनी माणसांकडे पाहिले आणि मान हलवली. मग ते नगरपालिकेत कोण जिवंत आहे ते पाहायला गेले. वायसरदादांनी सगळे नियमाप्रमाणे केले. माझ्याभोवती तांबडी दोरी बांधली. निळी नळी भिंतीवरून पलीकडच्या गटारात सोडली. सामानात एक छापील पाटी होती, 'पाणी पिण्यायोग्य नाही', ती दोरीला लावली. पाटी नवीकोरी होती, अक्षरे ठळक होती. फक्त ती आपल्या भाषेत होती, आणि त्या गावात ती वाचू शकेल असे एकही माणूस नव्हते. मित्रांनो, नियमात पाटी लावा असे लिहिले होते. कुणाच्या भाषेत, ते लिहिले नव्हते.

सकाळचे नऊ वाजले होते. मी चालू झाले.

त्या गावात एक नळवाला होता. गावाच्या पाणीखात्यात वीस वर्षे काम केलेला, सडपातळ अंगाचा, कमरेला पाना खोचलेला माणूस. सहा दिवस तो फुटलेल्या वाहिनीपाशी कमरेएवढ्या चिखलात उभा होता. त्याची म्हातारी आई शाळेच्या तिसऱ्या वर्गात, खिडकीशी बसलेली असे. तिला दमा होता. फवाऱ्याचे औषध वादळात घराबरोबर गेले होते. मला ती अंगणातून स्वच्छ दिसायची, आणि तिची जीभही खणखणीत ऐकू यायची.

"सगळ्या गावाचे नळ दुरुस्त करतोस," ती त्याला म्हणत होती, "आणि आईला घोटभर पाणी द्यायला तुझ्याकडे सवड नाही."

"आई, ते बघ यंत्र आलंय. आता मिळेल," तो म्हणाला.

"यंत्र आलंय ते मलाही दिसतंय. दमा छातीत आहे, डोळ्यांत नाही."

नळवाला दोरीपाशी आला. त्याने ओंजळ करून तोंडाशी नेली आणि शिपायाकडे पाहिले. शिपायाने हाताने 'मागे' अशी खूण केली आणि पाटीकडे बोट दाखवले. नळवाल्याने पाटीकडे पाहिले. त्याला त्यातले काय कळणार? तेवढ्यात दुसऱ्या शिपायाने आपल्या पाठपिशवीतून बाटली काढली आणि तोंडाला लावली. त्याला दोष देऊ नका, तोही पहाटेपासून उन्हात राबत होता. पण खिडक्यांमधून शंभर डोळ्यांनी ते पाहिले.

"स्वतः पितायत," नळवाला परत येऊन म्हणाला, "आणि आपल्या वाट्याचं गटारात सोडतायत."

तो भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला. निळ्या नळीचे तोंड त्याने गटारातून उचलले, पुसले आणि तळहातावर थोडे पाणी घेतले. पाणी काचेसारखे होते. त्याने वास घेतला. औषधाचा वास आला आणि त्याचा चेहरा खुलला. मित्रांनो, तो अडाणी नव्हता. उलट, तो जाणकार होता हेच त्याला भोवले. वीस वर्षे गावाच्या टाकीत औषध टाकून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की औषधाचा वास येतो ते पाणी बिनधोक असते.

पहिली कळशी तो आईसाठी घेऊन गेला. आईने तांब्यावर तांब्या रिकामा केला. मग तोंड पुसत म्हणाली, "तुझ्या नळाच्या पाण्यासारखंच लागतंय रे." सहा दिवसांत ती पहिल्यांदा त्याच्यावर खूश झाली होती.

मग त्याने लोकांना बोलावले. भिंतीच्या आड, शिपायांना दिसणार नाही अशी रांग लावली. कुणी धक्काबुक्की करू नये म्हणून स्वतः नळी धरून उभा राहिला. लहान मुलांना आधी, म्हाताऱ्यांना मग, धडधाकट माणसांना शेवटी. इतकी शिस्तीची रांग मी सैन्यातही फार पाहिलेली नाही.

आणि मी? मला पहिल्याच मिनिटाला कळले होते. नळीच्या टोकाशी काय चालले आहे ते पंपाला लगेच समजते. माझ्या पोटातून ते पाणी जात होते आणि मला ते थांबवता येत नव्हते. आजवर मी किती वेळा नको तेव्हा बंद पडले होते! ऐन तपासणीत पट्टा तोडला होता, थंडीत इंजिन सुरू होऊ दिले नव्हते. त्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून बिघडायची धडपड केली. पट्टा तुटावा, डिझेलमध्ये कचरा अडकावा, काहीही व्हावे. पण वायसरदादांनी जहाजावर तीन दिवस माझा खिळान्‌खिळा तपासला होता. मी सुरेख चालत राहिले.

पावणेदोन तास गेले. वायसरदादा माझ्याजवळ उभे राहून हातातले वायसर चाळवत होते. एकाएकी त्यांचे हात थांबले. त्यांनी मान तिरकी केली. गटारात पडणाऱ्या पाण्याचा आवाज एक असतो आणि बादलीत पडणाऱ्या पाण्याचा वेगळा, हे त्या माणसाला कळायला इतका वेळ लागला तो केवळ माझ्या इंजिनाच्या घरघरीमुळे. त्यांनी झटकन मला बंद केले आणि तसेच भिंतीला वळसा घालून पळाले.

पुढे जे झाले त्याचा तेव्हा आवाजच तेवढा माझ्यापर्यंत आला, बाकीचे मागाहून कळले. वायसरदादा ओरडत होते, "पिऊ नका, ओता, ओता ते!" कुणाला कळणार? त्यांनी बादल्या लाथेने उलट्या केल्या. सहा दिवस तहानलेल्या माणसांसमोर एक परका सैनिक पाणी मातीत सांडत होता. एक बाई चिखलात बसून ओंजळीने ते पाणी भरू लागली. मग दगड आले. वायसरदादा अंगणात परत आले तेव्हा त्यांच्या कपाळातून रक्त वाहत होते आणि त्यांची गचांडी नळवाल्याच्या मुठीत होती. शिपायांनी बंदुका सरसावल्या.

"खाली करा त्या," वायसरदादा म्हणाले. "कुणी हात लावायचा नाही याला."

त्यांनी नळवाल्याचे मनगट धरले आणि त्याला ओढत माझ्यापाशी आणले. औषधाचा रिकामा डबा उचलला. डब्यावर कवटीचे चित्र होते. ते त्याला दाखवले. डबा नळकांड्यांत ओतल्याची खूण केली, मग नळकांड्यांवरून बोट फिरवत निळ्या नळीपर्यंत आणले. चार बोटे वर केली आणि सूर्याकडे दाखवले.

नळवाल्याने मूठ सोडली. जे शब्दांत सांगता आले नसते ते त्याला नळ्यांमध्ये दिसले. त्याची नजर डब्यावरून नळकांड्यांवर, तिथून निळ्या नळीवर आणि तिथून भिंतीवर गेली.

"म्हणजे हे अजून धुतलं जातंय," तो आपल्या भाषेत, अगदी हळू म्हणाला.

वायसरदादांना शब्द कळला नाही, तरी त्यांनी मान हलवली. नळवाला तिसऱ्या वर्गाकडे धावत सुटला.

तोवर अंगणात लोक ओकू लागले होते. मुले पोट धरून बसली होती. ती सगळी संध्याकाळपर्यंत सावरली, हे आधीच सांगून टाकते. पण ज्याला दमा असतो त्याची छाती त्या औषधाने आवळते. नळवाल्याने आईला उचलून अंगणात, मोकळ्या हवेत आणले. वायसरदादांनी मागून तिला आधार देऊन बसते केले. प्रथमोपचार येणारा एक शिपाई होता, त्याने होते नव्हते ते सगळे केले. गडबड ऐकून परतलेले साहेब बिनतारी यंत्रावरून डॉक्टरांना हाका मारत होते आणि पलीकडून एकच उत्तर येत होते, की पुलापाशी गाडी हलत नाही, डॉक्टर पायी निघाले आहेत.

मला मात्र पुन्हा चालू करावेच लागले. सव्वादोन तास उरले होते, आणि गावाला पाणी हवेच होते. तेव्हा त्या म्हातारीच्या श्वासाच्या बाजूला मी घरघरत राहिले. एका बाजूने तिचा आवाज बारीक होत होता आणि दुसऱ्या बाजूने माझे पाणी चांगले होत होते. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"आई, थोडंच राहिलंय," नळवाला म्हणत होता. "डॉक्टर येतायत. थांब ना गं."

तिच्यासारखी बोलणारी बाई गप्प झाली, यावरूनच त्याने ओळखायला हवे होते, पण तो बोलतच राहिला. चार तास पुरे व्हायला अकरा मिनिटे उरली असताना ती गेली.

अकरा मिनिटांनी वायसरदादांनी पाणी तपासले. ते गोड, निर्मळ, लहान बाळालाही चालेल असे होते. त्यांनी नळी टाकीत सोडली. टाकी भरली. पण कुणी जवळ येईना. ओठ फुटलेली माणसे दूर उभी राहून त्या पाण्याकडे बघत होती. एका आईने बाळाला पदराआड घेतले आणि ती मागे सरली. वायसरदादांनी स्वतः पिऊन दाखवले, साहेबांनी पिऊन दाखवले. त्यांच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? दुभाषा असता तरी उपयोग नव्हता. तेव्हा मला वाटले की हे गाव आता माझ्यासमोर, भरलेल्या टाकीसमोर तहानेने मरणार.

मग नळवाला उठला. आईचे डोके त्याने शेजारणीच्या मांडीवर ठेवले. तो टाकीपाशी आला, पेला भरला, सवयीने वास घेतला. मग सगळ्यांकडे तोंड करून तो पेला शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि तिथेच उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. मुले मोठ्यांच्या मागून डोकावून त्याच्या पोटाकडे पाहत होती.

"आता चालेल," तो म्हणाला. "या. आधी मुलांना द्या."

लोक आले. रांग लागली. नळी पुन्हा त्यानेच धरली.

त्या दुपारी, आईला पोचवून आल्यावर, त्याने खिशातून सफेद्याची डबी काढली. नळाचे सांधे गळू नयेत म्हणून नळवाले आट्यांना दोरा गुंडाळून जो पांढरा लेप लावतात, तो सफेदा. त्यात बोट बुडवून त्याने माझ्या हिरव्या कुशीवर आपल्या भाषेत दोन ओळी लिहिल्या. 'पहिले पाणी पिऊ नका. चार तास थांबा.' मी आणखी कुठल्या गावात गेले तर तिथल्या लोकांना कळावे म्हणून.

मी तिथे एकोणीस दिवस चालले. गावात पुढे एकही माणूस पाण्याने आजारी पडले नाही, हेही खरे आहे. नळवाला रोज यायचा, वायसरदादांच्या बरोबरीने माझी गाळणी धुवायचा. दोघांना एकमेकांची भाषा शेवटपर्यंत आली नाही. एक बोटाने दाखवायचा, दुसरा पाना पुढे करायचा. जेवायला मात्र ते शेजारी बसत.

निघायच्या दिवशी नळवाल्याने पुन्हा डबी काढली आणि खाली तिसरी ओळ लिहिली. मग वायसरदादांचा हात हातात घेऊन तो वाहिनीच्या कामावर निघून गेला. वायसरदादांनी मागाहून पोचलेल्या दुभाष्याला विचारले, "काय लिहिलं त्यानं?"

दुभाष्याने वाचले, "मी थांबलो नाही."

वायसरदादांनी त्या ओळीवरून बोट फिरवले. "हे वाक्य माझं आहे," ते म्हणाले. "त्यानं का लिहिलं?"

तोवर साहेबांनी त्या ओळींसह माझा फोटो वर पाठवूनही दिला होता. त्याखाली 'गावकऱ्यांनी व्यक्त केलेली कृतज्ञता' असे लिहिले होते. वायसरदादांनी जाऊन सांगितले, "साहेब, ते आभार नाहीत." आणि काय आहे ते सांगितले. साहेब वाईट नव्हते. ते खाली मान घालून म्हणाले, "दादा, अहवाल गेलाय."

त्याला आता नऊ वर्षे झाली. वायसरदादा निवृत्त झाले. जायच्या दिवशी ते माझ्यापाशी आले, पण मला बाई म्हणाले नाहीत. नवी, हलकी यंत्रे आली. माझ्या नळकांड्यांत आता कुणी औषध भरत नाही, पडदे केव्हाच तडकले आहेत. मी फक्त दाखवायच्या कामाची उरले आहे. आज एक रंगारी आला होता. ह्या ओळी पुसट झाल्या म्हणून त्या सोनेरी रंगाने उजळायचा हुकूम आहे. दोन ओळी झाल्या. त्याला त्या वाचता येत नाहीत, तो बिचारा वळणे गिरवतो. उद्या तो तिसरी गिरवेल.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुठेतरी वादळ येईल आणि तुमच्यातले कुणी मदत घेऊन जाईल. जरूर जा, पळत जा. पण तहानलेल्या माणसासमोर नळी सोडण्याआधी त्याच्या भाषेत पाटी लिहा, आणि ती त्याला वाचता येते ना ते विचारा. तेवढे थांबा. आमच्यासारख्या यंत्रांची निगा राखणारे पुष्कळ असतात. त्या अंगणात माणसांना सांगणारे कुणी नव्हते.

आणि ज्या मुलीने काल माझ्या कुशीवर बोट ठेवले तिला एक सांगणे आहे. बाळ, ती भाषा शिक. मग कधीतरी पुन्हा ये आणि ह्या तीन ओळी सगळ्यांना ऐकू जातील अशा मोठ्याने वाच. तेव्हा मात्र कुणी टाळ्या वाजवू नका.